मामांची रायफल, सन १८११

माणसानं रविवारची पुरवणी सोमवारी वाचावी. रविवारी वाचली की हातात वेळ असतो, आणि हातात वेळ असला की माझ्यासारख्याच्या डोक्यात कल्पना येतात. १९९९च्या जुलैतल्या एका रविवारी मी पुरवणीच्या शेवटच्या पानावर, शब्दकोडं आणि केसगळतीवरचा उपाय यांच्या मधोमध, एक चौकट वाचली. विलायतेत कुणाच्या तरी पणजोबांची शिकारीची रायफल लिलावात विकली गेली होती, आणि तिचे आपल्या पैशांत सात लाख आले होते.

दुसरा कुणी असता तर पान उलटून मोकळा झाला असता. पण मी शहापुरातल्या एका वाचनालयात कारकून आहे. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढवायचं हे माझं काम. नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, किंमत. यातलं वर्ष आणि किंमत रिकामी राहिली की मला जेवण जात नाही. (आमच्या लग्नात आलेल्या भांड्यांची मी वर्ष आणि अंदाजे किमतीसह वही केली होती. ती अनितानं एकदाच पाहिली आणि पुढे दोन दिवस मला वाढलं नाही.)

तर सात लाख वाचल्याबरोबर मला सासऱ्यांची बंदूक आठवली. मुरबाडच्या पुढे एस.टी. जिथून परत वळते, तिथून अर्धा तास चाललं की माझी सासुरवाडी. तिथं माजघराच्या दारावर, दोन खुंट्यांवर एक बंदूक आडवी टांगलेली असते. वर्षानुवर्षं मी तिच्याखालून जेवायला जात आलो आणि एकदाही मान वर केली नव्हती.

"अनिता," मी म्हणालो, "मामांची बंदूक किती जुनी असेल गं?"

"बाबांच्या आजोबांची. कुणा सायबाला त्यांनी काळू नदीच्या पुरातून खांद्यावर काढलं, त्यानं दिली म्हणतात. का?"

"सहज."

आमच्या घरातली प्रत्येक आपत्ती या शब्दापासून सुरू झालेली आहे. अनितानं तांदूळ निवडता निवडता मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि परत मिटलं. ते मिटलेलं तोंड मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुढच्या सुट्टीला मी सासुरवाडीला गेलो. सोबत वही, शिवणकामाची टेप, पेन्सिल आणि शाम घड्याळजीकडून मागून आणलेलं, डोळ्याला लावायचं भिंग. माझे सासरे कोंडूमामा ओटीवर दोर वळत बसले होते. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. बोलणं कमी आणि दोर घट्ट.

"मामा, जरा ती बंदूक बघायची होती."

मामांचा हात थांबला. "तिच्यात काय बघायचं, जावईबापू?"

"वय आणि किंमत."

"वय माझं विचारा. तिला राहू दे. धूळ हाय तिच्यावर."

"धूळ म्हणजे जुनेपणाचा पुरावा, मामा."

आतून माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे रखमीमामींच्या, हसण्याचा आवाज आला. लगेच कुणीतरी तोंडात पदर कोंबावा तसा तो बंद झाला. मी त्याचा सरळ अर्थ लावला. म्हाताऱ्यांना वाटत होतं, जावयाला वस्तूची किंमत कळली तर तो वाटा मागेल. माणसं अशी शंका घेतात याचं मला वाईट वाटलं. (वाटा मी मागणारच होतो, पण नंतर आणि अनितामार्फत.)

शेवटी मी स्वतःच स्टुलावर चढलो आणि बंदूक खाली काढली. मामा दोर टाकून उठले आणि पार अंगणाच्या टोकाला जाऊन, पाठ करून, आभाळाकडे बघत उभे राहिले.

काय सांगू तुम्हाला, पहिल्याच नजरेत माझी छाती भरून आली. दस्त्याच्या लोखंडी पट्टीवर, भिंगाखाली, आकडा उमटला होता. १८११. आकडे इंग्रजी आणि वेडेवाकडे, आठाचा वरचा गोळा खालच्यापेक्षा मोठा. आजकाल यंत्रावर कसे सगळे आकडे सारखे येतात. हा हाताचा ठोका होता. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुणी विलायती कारागीर शेकोटीपाशी बसून तो छिन्नीनं ठोकतोय, हे मला डोळ्यांपुढे दिसलं. मी आकड्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासलं आणि त्याचा ठसा घेतला.

मग लाकूड हुंगलं. "अक्रोड," मी जाहीर केलं.

"साग हाय तो," अंगणाच्या टोकावरून आवाज आला.

"मामा, विलायतेत साग होत नाही."

"विलायतेत नसंल. हतं होतो."

मी वाद घातला नाही. तज्ज्ञानं अशा वेळी सोडून द्यायचं असतं.

पण खरी कमाल नळीची. तोंडाशी एक जाड कडं होतं (मजबुतीसाठी असावं असं मी वहीत लिहिलं), आणि भिंग लावून आत पाहिलं तर गोल गोल फिरत गेलेले पीळ. आता वाचनालयात बसून मी दोन गोष्टी वाचलेल्या होत्या. एक, साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. दुसरी, रायफलच्या नळीला आतून पीळ असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते. म्हणजे ही नुसती बंदूक नव्हती, रायफलच होती. मी वहीतला "बंदूक" हा शब्द खोडून "रायफल" लिहिलं. घोड्याखालचा वाकडा चाप तेवढा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. शिकारी साहेबांच्या जुन्या चित्रांत पाहिला असेल, अशीही नोंद मी केली.

शहापूरला परत आल्यावर मी अनिताला वही वाचून दाखवली. सात लाखांपैकी आपल्याला निम्मे जरी आले तरी स्वयंपाकघराला फरशी, वर कपाटं, आणि मला एक आरामखुर्ची.

"तुम्ही बाबांना नीट विचारलंत का?" ती म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सगळं तिच्यावरच लिहिलेलं आहे."

"बरं," ती म्हणाली आणि कुकरची शिटी मोजायला गेली.

आता राहिला तज्ज्ञाचा शिक्का. तज्ज्ञ म्हणजे खर्डीचे कमळू जमादार. पोलिसांच्या शस्त्रागारात तेहतीस वर्षं बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेले. स्टेशनपासून रिक्षानं त्यांच्याकडे गेलो, तर ते ओटीवर शेळीचे खूर कापत होते. मी ठसा पुढे केला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला.

"कागदावर बंदूक कोन बघतो रे? उद्या म्हनशील, फोटोशी लगीन लाव. माल हातात पायजे."

"पण जमादार, परवाना मामांच्या नावावर. मी ती इकडे आणू शकत नाही."

"मंग इलेक्शनपर्यंत थांब," ते म्हणाले. "बंदुका ठान्यात जमा होतील ना. त्या दिवशी तुझा सासराच घेऊन येईल. मी तिथं येतो. कोंबडी घालशील ना?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे निवडणूक लागली की पीकसंरक्षणासाठी परवाना दिलेल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागेपर्यंत त्या कोठीत राहतात आणि पावती दाखवली की परत मिळतात. ते ठाणं कुठलं हे मात्र विचारू नका. तिथल्या फौजदारांना मी शब्द दिलेला आहे.

ऑगस्टअखेरचा तो दिवस. ठाण्याच्या व्हरांड्यात दहा-बारा शेतकरी बंदुका घेऊन ओळीनं उकिडवे बसले होते. मामा आपली गोणपाटात गुंडाळून सगळ्यात शेवटी. मला आणि जमादारांना एकत्र येताना पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"तुमी कशाला आलाव? वाचनालय बंद का?"

"तुमच्यासाठी रजा टाकली, मामा."

हवालदार टेबलामागे बसून भराभर पावत्या फाडत होता. बंदूक एक, नंबर अमुक, सही, पुढचा. चिठ्ठी बांधली की बंदूक आत. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. हे बघून माझ्यातला नोंदवहीवाला पेटून उठला. मामांची पाळी आली. हवालदारानं लिहिलं, "बंदूक एक, सुस्थितीत."

"थांबा," मी म्हणालो. "एवढंच? वर्णन नाही? वर्ष नाही? किंमत नाही?"

"तुमी कोन?"

"यांचा जावई. ही साधी बंदूक नाही. सन १८११ची विलायती रायफल आहे, अक्रोडाच्या दस्त्याची. पावतीवर वर्ष आणि किंमत आलीच पाहिजे."

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. गर्दी होती, मी समजून घेतलं. मग त्यांना खोकला आला. तो इतका जोराचा होता की मी मध्येच त्यांची पाठ थोपटली आणि पुढे चालू ठेवलं. "किंमत लिहा, अंदाजे सात लाख."

आतून फौजदार बाहेर आले. नुकतंच जेवण झालेलं असावं, हात अजून ओला होता.

"सात लाखांची वस्तू? माझ्या कोठीत?" ते म्हणाले. "तिथं उंदीर आहेत. उद्या खिळा हरवला तर भरून कोण देणार? मी अशी घेणारच नाही. आधी तपासणी होऊ दे."

"साहेब, तीही सोय मी केली आहे," मी म्हणालो आणि कमळू जमादारांना पुढे ढकललं. (आयुष्यात मी इतक्या तयारीनं कुठलीच गोष्ट केली नव्हती.)

जमादारांनी चष्मा लावला आणि गोणपाट सोडलं. बंदूक हातात घेतली, एकदा वजन केलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या त्या पुन्हा खाली आल्या नाहीत. नळीच्या तोंडात त्यांनी करंगळी घातली, फिरवली आणि वास घेतला.

"पीळ बघा, जमादार," मी कानाशी म्हणालो.

"बगतोय. पीळ नाय हे. आटे हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजे हतं हापशाचा पंप बसतो." त्यांनी ते मजबुतीचं कडं हातानं पिळलं. ते फिरलं आणि निघून टेबलावर पडलं. "ये सॉकेट हाय. दोन पाइप जोडायचा. आनि हा चाप," त्यांनी बोटानं उचलून दाखवला, "सायकलच्या ब्रेकची दांडी. म्हनून तुला ओळखीची वाटली असंल." मग दस्त्यावर नखानं ओरखडा काढला. "साग. चांगला जुना साग."

"आणि १८११?"

हवालदारानं मामांचं परवान्याचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. परवाना क्रमांक, १८११.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा होता. ओळीत बसलेल्या शेतकऱ्यांपैकी एकानं हळूच विचारलं, "मंग कोंडूबाबा, गोळी कशी उडते हिच्यातून? पानी येतं का?" आणि व्हरांडा हसून हसून लोळला. फक्त तीन माणसं हसली नाहीत. फौजदार, मामा आणि मी.

"म्हाताऱ्या," फौजदार म्हणाले, "खोटी बंदूक जमा करतोस? खरी कुठाय? गुन्हा आहे हा. परवाना जाईल, आणि तूही जाशील. आत चल."

आम्ही आत गेलो. मामा उभेच राहिले. टोपी काढून हातात घेतली आणि जमिनीकडे बघत जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत लांब बोलणं होतं.

"एकोननव्वदच्या इलेक्शनला बंदूक जमा केली सायेब. ऐन कापणीला. भात पिवळं झालेलं. आनि डुकरं आली. एक नाय, अख्खा कळप. आमी थाळ्या वाजवल्या, ओरडलो. ती बार ऐकलेली जनावरं, थाळीला कोन भीतंय. दोन रात्रीत सगळं लोळवलं. त्या साली माझ्या घरात भात इकत आनलं सायेब. मी, भात पिकवनारा मानूस. मंग बुधू लोहाराकडून ही करून घेतली. जमा करायला ही, शेतावर ती. तवापासून सात इलेक्शनं झाली. कुनाला एक गोळी लागली नाय, कुनाचं नुसकान नाय."

"ते मला सांगू नकोस. कायदा आहे."

"नाय म्हनत नाय. पर तुमीपन घेतली ना." मामांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात सात पावत्या, घडी घालून, एकावर एक. फौजदारांनी एकेक उलगडली. सातही पावत्यांवर एकच वाक्य होतं. बंदूक तपासली, सुस्थितीत. सातवी पावती गेल्याच वर्षीची होती आणि तिच्याखाली सही होती ती समोर बसलेल्या माणसाची.

फौजदारांनी स्वतःची सही बराच वेळ वाचली. मग उठून दार लावलं आणि शिपायाला चार चहा सांगितले.

"हे बघ," ते आता खालच्या आवाजात म्हणाले. "खरी बंदूक दोन तासांत इथं आली पाहिजे. मग मी काही पाहिलं नाही आणि तू काही केलं नाहीस. नाही आली तर मला पाहावं लागेल. आणि ही," त्यांनी हापशाकडे बोट दाखवलं, "आधी इथून न्या. कोठीच्या आसपाससुद्धा दिसता कामा नये."

मामांनी मान डोलवली. चहा घेतला नाही. म्हणाले, "देतो. पर भात पोटरीला आलंय सायेब, आता लोंबी फुटंल. निकाल दसऱ्याच्या तोंडावर. तोपर्यंत डुकरं काय ठेवतील?"

जमादार खिडकीबाहेर बघू लागले. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात लाख गेले त्याचं नाही (म्हणजे त्याचंही थोडं), पण या माणसानं दहा वर्षं सांभाळलेलं शेत मी एका रकान्यासाठी डुकरांपुढे वाढून ठेवलं होतं. पावती मुकाट्यानं घेतली असती तर काही झालं नसतं. मी म्हणालो, "मामा, शेताची जबाबदारी माझी. निकाल लागेपर्यंत मी राखण करतो."

मामांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पाहणं लवकर संपलं. "तुमी?" ते म्हणाले.

घरी निरोप धाडला, आणि खरी बंदूक दोन तासांच्या आत आली. शेतातल्या मचाणावरून मामींनी ती काढली आणि जुन्या लुगड्यात बाळंतिणीच्या बाळासारखी गुंडाळून स्वतः ठाण्यात आणली. जमादारांनी ती हातात घेतली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. नळीला डोळा लावून त्यांनी ती उजेडाकडे फिरवून फिरवून पाहिली.

मला राहवलं नाही. "वय?" मी विचारलं.

"शंभराच्या पुढं. खरी विलायती रायफल, सायबाचीच."

"आणि किंमत?"

"नळी आतून खाल्लीय. घेनारा परवानावाला पायजे, तसा कोन हाय? मिळाला तर हजार-दीड हजार." त्यांनी बंदूक हवालदाराच्या हाती दिली. "आनि कोंबडी तू कबूल केलीयस."

पावती तयार झाली. बंदूक एक, सुस्थितीत. या वेळी हवालदारानं माझ्याकडे बघून विचारलं, "अजून काही लिवायचंय का?" मी नाही म्हणालो.

मी सायकलचा ब्रेक लावलेला हापसा बगलेत मारून मामांच्या मागून मुकाट चालू लागलो. वाटेत दोन माणसांनी आम्हाला पाहून वाट सोडली. घरी पोचल्यावर अनिता (तीही माहेरी येऊन बसली होती, बातमी एस.टी.च्या आधी पोचते) माझ्याकडे पाहून म्हणाली, "कळलं का वय?"

"तुला ठाऊक होतं?"

"अख्ख्या गावाला ठाऊक होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर आम्हाला सांगत होतात."

राखण कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण विस्तारानं सांगण्यासारखं त्यात माझ्या बाजूनं काही नाही. वाचनालयातून मी साठलेली सगळी रजा काढली. रोज तिन्हीसांजेला मचाणावर चढायचं, हातात बुधू लोहाराची बंदूक, शेजारी गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि तो वाजवायला काठी. बंदूक कशाला, असं मामींनी विचारलं. मी म्हणालो, डुकरांना काय कळतंय खरी की खोटी.

डुकरांना कळत होतं. पहिल्याच संध्याकाळी पाच-सहा आली. बांधावर उभी राहिली. मी उभा राहून बंदूक रोखली. पुढचं डुक्कर, चांगलं गाढवाएवढं, माझ्याकडे बघत उभं राहिलं. ते त्या नळीकडे ज्या नजरेनं पाहत होतं, त्या नजरेनं फक्त कमळू जमादारांनी तिच्याकडे पाहिलं होतं. मग त्यानं तोंड खाली घातलं आणि चरायला लागलं. मागे सरकायला गेलो, मचाणाची कडा संपली, आणि मी बंदुकीसकट खाली चिखलात. पडताना पाय डब्याला लागला. डबा उडाला आणि उतारावरून, दगडादगडावर आपटत, धडामधूम करत खालच्या ओढ्यापर्यंत गेला. इतका आवाज त्या शेतानं खऱ्या बंदुकीतूनही कधी ऐकला नसेल. डुकरं शेपट्या उचलून अशी पळाली की दोन दिवस फिरकली नाहीत.

मामा बांधावर उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी मला चिखलातून उठवलं, बंदूक उचलली, आणि मग ओढ्याकडे उतरून डबा घेऊन आले. त्यात चार दगड टाकले, त्याला दोर बांधला आणि उताराच्या कडेला टांगला. दोर ओढला की डबा दगडांवर आदळायचा. पुढचा दीड महिना दोर ओढायचं काम मी केलं. एका कोपऱ्याचं थोडं भात गेलं, बाकी सगळं उभं राहिलं. मला मनातल्या मनात वाटत होतं की माझी पत आता निदान अर्धी तरी परत आली असावी. मामीही जेवताना एक भाकरी जास्त वाढू लागल्या होत्या.

निकाल लागला, बंदूक परत आली, आणि पाठोपाठ दसरा आला. सासुरवाडीला दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. मामांनी सकाळीच अंगणात पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं ठेवली. धुऊनपुसून तेल लावलेली रायफल, मग कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. झेंडूची माळ सगळ्यांवरून एकच. मी नवा सदरा घालून ओळीच्या टोकाला पाटाशी बसलो होतो. मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, पण उठायलाही सांगितलं नव्हतं.

मामी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. रायफलीला कुंकू लावलं, कोयत्यांना लावलं, कुऱ्हाडीला, फाळाला. मग ओळ संपली तशा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून कुंकवात बोट बुडवलं. दीड महिना मी कुणासाठी दोर ओढला ते त्या विसरल्या नव्हत्या. मला भरून आलं. मी टोपी मागे सारली, कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटले.

"अगो रखमे, त्यांना न्हवं," मामांचा आवाज आला. "डब्याला लाव. डुकरं डब्याला भ्यायली."

मी डोळे उघडले तर मामा तो चेपलेला डबा दोन्ही हातांत धरून माझ्या मागे उभे होते. मी थोडा सरकलो आणि पाटावर डब्याला जागा करून दिली.